शिकारी रातकिडा पाळताना: काय घालावं आणि काय वेळेवर उचलावं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मानपाड्याला तुमच्या बाल्कनीत मनीप्लँटचं एक पान दुमडून पांढऱ्या धाग्यांनी चिकटवलेलं दिसलं. मुलाने ते उलगडलं, तर आत मधाच्या रंगाचा, शरीराच्या कितीतरी पट लांब मिशांचा एक किडा निघाला. त्याला डब्यात ठेवून सोबत म्हणून सोसायटीच्या बागेतला एक काळा रातकिडा आत सोडला. सकाळी त्या काळ्याचे मागचे पाय आणि पंख तेवढे उरले होते. मुलाला आता हा पाळायचाच आहे. गाजराला तो तोंड लावत नाही. तेव्हा रोज जिवंत किडे घालावे लागतील का, जोडीला दुसरा आणावा का, तो चावतो का, आणि गणपतीत तुम्ही आठवडाभर कुडाळला जाल तेव्हा त्याचं काय करायचं, हे तुम्हाला हवं आहे.

मी खारघरला राहते. घरात बरीच वर्षं कीटक पाळते आहे, त्यात शिकारी रातकिडे माझे सगळ्यात लाडके. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट सांगते, बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. या किड्याला खायला घालणं सोपं आहे. समोर हलणारं काहीही तो झडप घालून पकडतो, त्यामुळे नवीन पाळणाऱ्याला वाटतं की डब्यात चार-पाच किडे सोडून ठेवले की झालं, भूक लागेल तसा खाईल. पाळलेले शिकारी रातकिडे मला हातचे जाताना दिसतात ते याच सवयीपायी. न खाल्लेलं भक्ष्य डब्यात राहतं, आणि ज्या रात्री आपला किडा कात टाकायला लटकतो त्या रात्री तेच भक्ष्य त्याला कुरतडतं. संध्याकाळी काय घातलं याच्यापेक्षा सकाळी काय उचललं याची नोंद ठेवायची सवय मुलाला लावा. एक छोटी वही पुरेल.

आता हा कोण आहे ते. तुमच्या वर्णनावरून हा ग्रिलॅक्रिडिडी कुळातला शिकारी रातकिडा. पश्चिम घाटात आणि आपल्या ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात या कुळातले किडे आहेत, आणि घोडबंदर रोडच्या इमारती थेट त्या डोंगराला टेकल्यामुळे पावसाळ्यात एखादा बाल्कनीत येणं साहजिक आहे. आपण रात्री ज्यांची किरकिर ऐकतो ते रातकिडे आणि हिरवे नाकतोडे हे याचे नातेवाईक. पण हा पंख घासून गात नाही, आणि त्याच्या पुढच्या पायांवर नाकतोड्यांसारखे कानही नसतात. त्याऐवजी पायांतून त्याला बारीकसारीक कंपनं कळतात. डिवचलात तर मागच्या मांड्या पोटाच्या कडेला घासून खरखर आवाज काढतो. पिल्लंही काढतात, माद्याही काढतात. तो आवाज म्हणजे धमकी, तेव्हा मुलाने ऐकायचा हट्ट धरू नये.

ते पांढरे धागे कोळ्याचे नाहीत, याच्याच तोंडातले आहेत. कीटकांत रेशीम काढणारे पुष्कळ आहेत, पण रातकिडा-नाकतोड्यांच्या गणात ही कला मुख्यतः याच कुळाकडे आहे, आणि ती पिल्लापासून प्रौढापर्यंत सगळ्यांना येते. एकदा रात्री टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावून बघा, लाल उजेडाने तो फारसा बिथरत नाही. आधी तो पायांनी पानाची कड ओढून धरतो. मग डोकं एका कडेला टेकवतो, तिथून दुसऱ्या कडेला नेतो, परत पहिल्या कडेला, आणि प्रत्येक फेरीत मागे एक ओला तंतू राहतो जो बघता बघता घट्ट होतो. गोधडीला टाके घालावेत तसं हे काम शांतपणे चालतं. मध्येच थांबून तो पुढच्या पायांतून एक मिशी टोकापर्यंत ओढून साफ करतो आणि पुन्हा कामाला लागतो. ऑस्ट्रेलियात या कुळावर झालेल्या अभ्यासात दिसलं आहे की रात्री भटकून आल्यावर हे किडे आपलं घरटं ओळखून परत त्यातच शिरतात. म्हणून ते घरटं रोज उलगडून "आहे का आत" हे बघायचं नाही. पान उघडलं की त्याला सगळं काम पुन्हा करावं लागतं, आणि त्या रात्री तो जेवत नाही.

खाण्याकडे वळते. हा शिकारी आहे, पण निव्वळ मांसाहारी नाही. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर याच कुळातला एक किडा रात्री ऑर्किडच्या फुलातला मध प्यायला येतो आणि येता-जाता त्याचं परागीभवन करतो. २०१० साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा कीटक अभ्यासकांना मोठं नवल वाटलं होतं, कारण रातकिड्यांच्या नातेवाइकांकडे सगळे पानं-फुलं कुरतडणारे म्हणूनच बघत होते. तेव्हा गाजर नाकारलं म्हणून फळं बाद करू नका. गाजर कडक आणि गोडीला कमी. पिकलेल्या पपईचा किंवा केळ्याचा नखाएवढा तुकडा, सफरचंदाची पातळ चकती, असं आलटून पालटून बाटलीच्या झाकणात ठेवा. माझ्याकडचे पपईवर तुटून पडतात. आंबा मात्र पावसाळ्यात लगेच आंबतो आणि त्यावर चिलटं जमतात, म्हणून मी टाळते. फळ रात्री ठेवायचं, सकाळी काढायचं.

प्रथिनांसाठी दोन वाटा आहेत. एक जिवंत किंवा नुकतंच मारलेलं भक्ष्य, दुसरी कोरडं खाद्य. कोरड्यात मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे माशांचे फ्लेक्स सगळ्यात सोयीचे. चिमूटभर फ्लेक्स झाकणात ठेवले तर बहुतेक किडे दोन-चार रात्रींत खायला शिकतात. म्हणजे तुमच्या "रोज जिवंत घालावं लागेल का" याचं उत्तर नाही असं आहे. पण फक्त फ्लेक्सवरही ठेवू नका. प्रौढाला आठवड्यात दोन-तीनदा, पिल्लाला रोज खरं भक्ष्य हवं, कारण त्यातून पाणी, स्निग्धांश आणि स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ, मिळतात. कीटकांच्या शरीरात कोलेस्टेरॉल स्वतः तयार होत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं, आणि कात टाकायला लागणारं संप्रेरक त्याच्यापासून बनतं. अन्न निकृष्ट असलं तर कात अर्धवट अडकते, पाय वाकडे निघतात, मिशा तुटतात. सरडे पाळणारे भक्ष्यावर कॅल्शियमची पूड टाकतात, ते बघून तुम्ही टाकू नका. याला हाडं नाहीत, पुडीचा उपयोग नाही.

भक्ष्याचा आकार कळीचा. किड्याच्या डोक्यापासून पंखांच्या मुळापर्यंत जेवढी लांबी, तेवढं भक्ष्य पुरे. त्याहून मोठं तो पकडू शकतो, तुमच्या काळ्या रातकिड्याचं झालं ते तुम्ही पाहिलंच. पण मोठं भक्ष्य उलटून चावतं, आणि एक मिशी तुटली तरी शिकार करणं त्याला जड जातं, कारण अंधारात तो मिशांनीच चाचपतो. पिल्लू असेल तर रोज रात्री एक बारीक भक्ष्य, प्रौढ असेल तर दर दोन-तीन दिवसांनी एक. पोट बघून ठरवा. पोटाच्या कड्यांमधली कातडी ताणून चकचकीत दिसत असेल तर आज काही घालायचं नाही. पोट चपटं, कड्या एकमेकींत शिरलेल्या दिसल्या तर भूक आहे.

भक्ष्य घालायचं कसं, तर चिमट्याने. लांब, बोथट टोकांचा चिमटा घ्या. भक्ष्याचं डोकं आधी चिमटून टाका, म्हणजे ते चावणार नाही आणि डब्यात दडी मारणार नाही, आणि ते हळूच मिशांच्या टोकाला लावा. किडा आधी मागे सरकतो. मिशा पुन्हा पुढे येतात, भक्ष्यावरून दोन-तीनदा फिरतात, मग एका झेपेत पुढचे काटेरी पाय ते छातीशी आवळतात आणि जबडे थेट मानेत जातात. जेवायला त्याला बराच वेळ लागतो, कधी अर्धा तास. या वेळी डबा हलवायचा नाही, उजेड टाकायचा नाही. दचकला तर भक्ष्य टाकून पळतो आणि मग रात्रभर त्याला हात लावत नाही. भक्ष्य घेतलं नाही तर तासाभरात बाहेर काढा. आणि सलग दोन-तीन रात्री घेतलं नाही, तर आजारी पडला असं समजून घाबरू नका, पुढचं वाचा.

खाणं बंद झालं म्हणजे बहुतेक वेळा कात जवळ आली. पंखांची मुळं फुगल्यासारखी दिसतात, रंग निस्तेज होतो, किडा एका जागी बसून राहतो. या दिवसांत डब्यात एकही जिवंत भक्ष्य नको, अगदी बारीकही नको. संध्याकाळचं पाणी मात्र चुकवायचं नाही. कात टाकताना माझ्याकडचे मागच्या पायांनी फांदीला धरून खाली डोकं करून लटकतात. मानेच्या मागे पाठ उकलते, तिथून फिकट, जवळजवळ पारदर्शक शरीर हळूहळू खाली घसरतं. पाय एकेक करून सुटतात, आणि सगळ्यात शेवटी त्या लांब मिशा, तोंडाने धरून धरून ओढून काढाव्या लागतात. इतक्या लांब मिशा जुन्या नळीतून न तुटता बाहेर येतात हे पाहणं मला आजही थक्क करतं. त्यानंतर तो वळून आपलीच कात खातो. ती काढून घेऊ नका, त्यात प्रथिनं आहेत, त्याला ती हवी असतात. कातडी कडक व्हायला एक-दोन दिवस लागतात. त्यानंतरच पहिलं भक्ष्य, तेही मऊ आणि छोटं.

हे सगळं घडायला उंची लागते. डबा किड्याच्या लांबीच्या निदान तिप्पट उंच हवा, आणि आत वरपर्यंत पोचणारी खडबडीत काटकी हवी. गुळगुळीत प्लास्टिकवर पकड सुटते, अर्ध्या कातीत किडा खाली पडतो आणि तसाच वाकडा कडक होतो. तुमचा किडा पिल्लू आहे की प्रौढ हे ओळखायला पाठ बघा. पंख पोटाच्या टोकापर्यंत पोचले असतील तर तो प्रौढ, आता कात नाही, निम्मी काळजी मिटली. पंखांची छोटी पानं दिसत असतील तर अजून कात बाकी आहे. पण या कुळात प्रौढ झाल्यावरही पंख न येणारे प्रकार आहेत, म्हणून पंख नाहीत एवढ्यावरून पिल्लू ठरवू नका. अशा वेळी मी तरी कात बाकी आहे असंच धरून चालते. पोटाच्या टोकाला तलवारीसारखा वाकडा अवयव असेल तर ती मादी, त्याने ती अंडी घालते.

भक्ष्य कुठून आणायचं, हा ठाण्यात आणि नवी मुंबईत खरा प्रश्न आहे. यात मी जरा कडक बोलते. घरातलं झुरळ पकडून घालायचं नाही. सोसायट्यांमध्ये पेस्ट कंट्रोलवाले किचनच्या कपाटात जेलचे ठिपके लावून जातात. ते जेल खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही, पण त्याच्या पोटात विष असतं आणि ते खाणाराही मरतो. झुरळांच्या बाबतीत ते जेल बनवलंच तशा हिशोबाने आहे, मेलेलं झुरळ दुसऱ्याने खावं म्हणून. तुमच्या घरी जेल लावलं नसेल तरी झुरळ शेजारच्या पाइपातून आलेलं असतं. सोसायटीच्या बागेतले नाकतोडे-रातकिडे पण नकोत, कारण लॉनवर औषध मारतात. शिवाय बाहेरच्या किड्यांत घोड्याच्या केसासारखे लांब कृमी असतात, ते रातकिड्याच्या पोटात वाढतात आणि शेवटी त्याला पाण्यात उडी मारायला लावून बाहेर पडतात. तो काळा रातकिडा खाऊन तुमचा किडा आतापर्यंत ठीक आहे, चांगलं झालं, पण पुन्हा नको.

मग उरतं दुकान किंवा घरची पैदास. ठाण्यात आणि वाशी-नेरुळच्या बाजूला मत्स्यालयाच्या आणि पक्ष्यांच्या दुकानांत मीलवर्म आणि सुपरवर्म मिळतात. मीलवर्म म्हणजे पिठातल्या एका भुंग्याची अळी. नुकतीच कात टाकलेली, पांढरी पडलेली अळी निवडून द्या, तिचं कवच मऊ असतं. सुपरवर्म म्हणजे तशीच पण मोठी अळी, चरबीदार आणि चावरी, डोकं चिरडल्याशिवाय ती द्यायची नाही, आणि महिन्यातून दोन-तीनदाच. रोजच्यासाठी सगळ्यात चांगलं भक्ष्य म्हणजे पिल्लू वयातले काळे दोन-ठिपकी रातकिडे, शास्त्रीय नाव ग्रिलस बायमॅक्युलॅटस. हा आपल्याकडचाच आहे, त्यामुळे एखादा निसटला तरी परका प्राणी बाहेर सोडल्याचा दोष नाही. पैदासही सोपी. प्लास्टिकचा खोल टब, त्यात उभे केलेले अंड्यांचे कागदी ट्रे, गव्हाचा कोंडा, पाण्यासाठी ओला कापूस, आणि अंडी घालायला ओल्या कोकोपीटची वाटी. आपल्या हवेत, तीस अंशांच्या आसपास, दहा-बारा दिवसांत अंडी फुटतात आणि सहा ते आठ आठवड्यांत पिल्लं मोठी होतात. बारीक पिल्लं पाण्याच्या थेंबातही बुडतात, म्हणून पाण्याची वाटी नको, ओला कापूसच.

एकच अडचण, प्रौढ नर रात्रभर ओरडतात. टू बीएचकेमध्ये सासूबाईंची झोप मोडेल. नरांना पंख फुटायच्या आत वापरून टाका, किंवा पैदाशीपुरते दोन ठेवून बाकीचे संपवा. आणि एकाच पुरवठादारावर विसंबू नका. युरोप-अमेरिकेत पाळीव रातकिड्यांवर एक डेन्सोव्हायरस आला आणि त्याने मोठमोठ्या पैदास केंद्रांतली घरगुती रातकिड्यांची पैदास साफ झोपवली. दुकानातून आणलेली तुकडी निदान आठवडाभर वेगळी ठेवून बघावी, एवढं मी कटाक्षाने करते. त्या आठवड्यात त्यांना कोंड्यासोबत गाजर, कोथिंबिरीचे देठ, भोपळा घाला. धुऊन, पुसून घाला. भक्ष्याच्या पोटात जे आहे तेच शेवटी तुमच्या किड्याच्या पोटात जातं.

जोडीला दुसरा आणावा का? नाही. एका डब्यात एकच. एकटेपणा त्याला वाटत नाही, ते आपल्याला वाटतं. दोन ठेवलेत की जो आधी कात टाकेल तो दुसऱ्याचं जेवण होतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात मॉर्मन क्रिकेट नावाचे मोठे, उडता न येणारे नाकतोडे लाखोंच्या झुंडीने चालत निघतात. ते का चालतात याचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांना प्रथिनं आणि मीठ यांची इतकी भूक असते की थांबणाऱ्याला मागचा खाऊन टाकतो, म्हणून सगळे पुढे सरकत राहतात. प्रथिनांनी आणि मिठाने भरलेली जवळची वस्तू म्हणजे आपलाच शेजारी. डब्यात तर शेजाऱ्याला पळायलाही जागा नाही. मुलाला दोन हवेच असतील तर दोन डबे करा, मध्ये पुठ्ठा ठेवा.

जागा कशी करायची ते पटकन सांगते. बिस्किटांची काचेची उभी बरणी किंवा स्वच्छ प्लास्टिकचा उभा डबा चालेल. हवेसाठी दोन बाजूंनी भोकं, त्यावर बारीक स्टीलची जाळी. मच्छरदाणीचं नायलॉन लावू नका, त्याचे जबडे ते कापतात. तळाशी दोन बोटं कोकोपीट, वर पोकळ बांबूचा तुकडा, आणि पान शिवायला मनीप्लँट किंवा पेरूची रुंद पानं. सध्या ज्या पानात घरटं आहे ते देठासकट कापून आत ठेवा, दुसरं शिवेपर्यंत त्याला तेच राहू द्या. रोज संध्याकाळी एका भिंतीवर बारीक फवारा, दुसरी बाजू कोरडी. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवाच इतकी दमट असते की फवारा नावापुरता पुरतो, जास्त झाला तर बुरशी धरते. जानेवारीत उलट, तेव्हा हात सैल सोडा. डबा फ्रिजवर, वॉशिंग मशीनजवळ किंवा मिक्सरच्या ओट्यावर ठेवू नका, वर सांगितलं तसं कंपनं त्याला पायांतून कळतात आणि तो घरट्याबाहेर येईनासा होतो. खिडकीतल्या उन्हात तर अजिबातच नाही. बंद डबा उन्हात काही मिनिटांत तापतो. लाल मुंग्या लागतात, म्हणून डबा पाण्याच्या ताटात विटेवर ठेवा.

आणि धूर. पावसाळ्यात महापालिकेची गाडी डासांसाठी धूर मारत फिरते, त्यातलं औषध सगळ्याच कीटकांना मारतं. आवाज आला की बाल्कनीचं दार लावा, डब्यावर ओलं फडकं टाका आणि आतल्या खोलीत न्या. डास पळवणारं प्लगवरचं लिक्विड, कॉइल, अगरबत्तीच्या नावाने मिळणाऱ्या डासांच्या काड्या, हे ज्या खोलीत लागतं तिथे किडा नको. घरात कुत्रं असेल आणि त्याच्या मानेवर पिसवांचं औषध टाकलं असेल, तर त्या हाताने डब्याला शिवण्याआधी साबणाने हात धुवा. चांगलं खातं-पितं ठेवलेला किडा एका रात्रीत पाय झाडत उलटा पडलेला सापडतो तेव्हा मी सगळ्यात आधी हेच विचारते, घरात काय जाळलं होतं.

चावतो का? हो. जबडे भक्कम आहेत, मोठा असेल तर रक्त काढतो. विष वगैरे काही नाही. धुऊन टाकलं, अँटिसेप्टिक लावलं की झालं. पण चावण्याआधी तो पुरेशी सूचना देतो: अंग उचलतो, पंख पसरतो, मागचे काटेरी पाय वर घेतो, तोंड उघडतो. ती पोझ दिसली की मागे व्हायचं. हलवायचा असेल तर वरून पेला पालथा घाला आणि खालून जाड कार्ड सरकवा. हातावर घेऊन मित्रांना दाखवायची ही वस्तू नाही, हे मुलाला आधीच नीट सांगा. बघायला रात्री नऊनंतर लाल उजेडात, शांत बसून. तेवढी चिकाटी त्याच्यात असेल तर त्याला खूप काही बघायला मिळेल.

एक गोष्ट कायद्याची. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय कोणताही जीव उचलता येत नाही, मग तो वाघ असो की किडा. तुमच्या बाल्कनीत आलेला ठीक, पण "अजून एक शोधू" म्हणून मुलाला घेऊन जंगलात जाऊ नका. ऑनलाइन परदेशी शिकारी रातकिडे विकणाऱ्यांकडूनही घेऊ नका. आपल्याच देशात उत्तरेला आणि पूर्वेला नदीकाठच्या वाळूत बिळं करून राहणारा, पंखांची टोकं गुंडाळलेला शिझोडॅक्टिलस नावाचा जबरदस्त शिकारी आहे. तोही कुणी विकायला काढतं. त्याला खोल ओली वाळू लागते, ती घरात साधत नाही आणि तो मरतो. इथे पावसाळ्यात गवतात, झुडपांत हिरवा, पाठीवर तपकिरी पट्टा असलेला हेक्सासेंट्रस मिळतो. तोही शिकारी, पुढच्या पायांवर काट्यांची रांग असलेला, आणि त्याचा नर गाण्याआधी पंखांचे स्नायू थरथरवून गरम करतो. त्याला पाळण्यापेक्षा टॉर्च घेऊन सोसायटीच्या कुंपणाशी ऐकायला जा.

तुमचा हा किडा हवा तेव्हा सोडताही येईल, तो इथलाच आहे. जिथे सापडला तिथेच, संध्याकाळी, बाल्कनीतल्या त्याच वेलीवर. दुकानातून किंवा दुसऱ्या राज्यातून आणलेला असता तर मी सोडू नका म्हटलं असतं.

आता गणपती. आठवडाभर कुडाळला जाताय, तर त्याला गाडीतून नेऊ नका, कोकणापर्यंतचे हादरे आणि ऊन त्याला झेपणार नाहीत. पोट भरलेला प्रौढ आठवडाभर भक्ष्याशिवाय सहज राहतो. पिल्लू असेल आणि ते कातीच्या बेतात असेल, तर त्याला भक्ष्य नसलेलंच बरं. निघायच्या दोन दिवस आधी एक चांगलं जेवण द्या, निघताना उरलेलं सगळं उचला, झाकणात चिमूटभर फ्लेक्स ठेवा. आठवडाभरात त्यांना ओल धरली तर बुरशी येईल, म्हणून डब्याच्या कोरड्या बाजूला ठेवा. पाण्याविना मात्र तो टिकत नाही. शेजारच्या काकूंना एक दिवसाआड संध्याकाळी भिंतीवर दोन फवारे मारायला आणि सफरचंदाची चकती बदलायला सांगा. डब्यावर कागद चिकटवून त्यावर ठळक लिहा: घरातलं झुरळ घालू नका, किडा उलटा लटकलेला दिसला तर झाकण उघडू नका. परत आलात आणि घरट्याबाहेर दिसला नाही, तरी दोन रात्री वाट बघा. मग चिमट्याने पहिलं भक्ष्य द्या.